काशीचा विणकर: कबीर मागावर बसून काय शिकले?

ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्याकडे वटपौर्णिमा असते. वडाच्या खोडाला सूत गुंडाळलं जातं, दुपारपर्यंत खोड पांढरं होऊन जातं. त्याच पौर्णिमेला उत्तर भारतात कबीर जयंती साजरी होते. दोन्ही एका दिवशी येतात हा तिथीचा योगायोग. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य सुतात गेलं, त्याच्या जयंतीला महाराष्ट्रभर सुताची रिळं संपतात, ही गंमत कबीरांना नक्की आवडली असती.

आपल्यापैकी बहुतेकांना कबीर भेटतात ते शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकात. दोन-चार दोहे पाठ, त्यांचा भावार्थ, पाच मार्कांचा प्रश्न. पुढे कधीतरी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं कानावर पडतात आणि तेच कबीर एकदम वेगळे वाटायला लागतात. या दोन ओळखींमध्ये एक गोष्ट मात्र हरवते. कबीर हे रोज कापड विणून पोट भरणारे कारागीर होते.

आजकाल हातमागाबद्दल बोलताना ध्यान, एकाग्रता, मनःशांती असे शब्द हमखास येतात. मागावर बसा, मन शांत होईल, असं सांगितलं जातं आणि साक्षीला कबीरांना उभं केलं जातं. यात खोटं काही नाही. पण कबीरांची जुनी पदं नीट वाचली तर तिथला माग इतका शांत नाही. तिथे सूत तुटतं, खळ संपते, आई रडते, बायको चिडते. कबीर मागावर जे शिकले ते या गोंधळात शिकले.

आधी त्यांच्या जन्माची गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही.

परंपरा सांगते की काशीजवळच्या लहरतारा तळ्यात एक तान्हं मूल सापडलं. नीरू आणि नीमा या मुसलमान विणकर जोडप्यानं ते घरी आणलं आणि वाढवलं. काही कथांमध्ये हे मूल एका ब्राह्मण विधवेचं असतं, काहींमध्ये ते थेट कमळाच्या पानावर अवतरतं. इतिहासकार या कथांकडे जरा संशयानं बघतात. जुलाह्याच्या घरात जन्मलेला माणूस इतका मोठा कसा झाला हे पचत नाही, म्हणून त्याला दुसरीकडून आणून तिथे ठेवलं, असा वास या कथांना येतो. कबीर स्वतः मात्र आपल्या पदांमध्ये पुन्हा पुन्हा एकच ओळख सांगतात: मी काशीचा जुलाहा.

परंपरेनुसार त्यांचा काळ १३९८ ते १५१८, म्हणजे तब्बल १२० वर्षं. अभ्यासकांना एवढं आयुष्य मान्य नाही. काही जण मृत्यूचं वर्ष १४४८ मानतात, काही १५१८ धरून जन्म पुढे सरकवतात. पंधराव्या शतकाबद्दल मात्र फारसं दुमत नाही. काशी तेव्हा जौनपूरच्या शर्की सुलतानांकडे होती आणि शतकाच्या शेवटाकडे ती दिल्लीच्या लोदींच्या ताब्यात गेली.

जुलाहा हा शब्द फारसीतून आलेला. मुसलमान विणकरांना उद्देशून तो वापरला जाई. हिंदू विणकरांना कोरी म्हणत. कबीर स्वतःला बहुतेक वेळा जुलाहा म्हणवतात, पण काही पदांत कोरीही म्हणवतात. हजारीप्रसाद द्विवेदींनी १९४२ साली आलेल्या आपल्या 'कबीर' या ग्रंथात एक अंदाज मांडला. कबीरांचं घराणं ज्या विणकर समाजातलं होतं, तो समाज काही पिढ्यांपूर्वीच मुसलमान झाला असावा आणि त्याआधी तो नाथपंथी गृहस्थ जोग्यांचा असावा. असं मानलं तर कबीरांच्या बोलण्यात हठयोगाचे शब्द इतक्या सहज कसे येतात याचं उत्तर मिळतं. त्यांचं नाव अरबी, अर्थ 'महान', अल्लाच्या ९९ नावांपैकी एक. आणि त्यांच्या ओठी रामाचं नाव. तो रामही दशरथाचा मुलगा नव्हे, रूपाशिवायचा राम.

समाजात जुलाह्याची किंमत काय होती? उत्तरेतल्या जुन्या म्हणी आणि किस्से पाहिले तर जुलाहा म्हणजे बावळट, असं समीकरणच दिसतं. आपल्याकडे एखाद्या जातीवरून विनोद होतात तसेच. शहराला कपडे त्यानं पुरवायचे आणि शहरानं त्याच्यावर हसायचं.

आता त्यांचं काम काय होतं ते पाहू. ते कळलं नाही तर त्यांची निम्मी पदं वरवरची वाटतात.

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा आधी तयार करावा लागतो आणि विणण्यापेक्षा त्यालाच जास्त यातायात पडते. सूत कातून आलं की ते उकलायचं, मोजायचं, गल्लीत किंवा मोकळ्या जागेत खुंट्यांवर लांबच लांब पसरायचं. साध्या पंचाच्या रुंदीतसुद्धा हजाराच्या वर उभे धागे भरतात. मग त्यांना तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची, कारण खळीशिवाय कच्चं सूत मागाचा ताण सोसत नाही. लांब कुंच्यानं खळ सारखी पसरवायची, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात. त्यानंतर एकेक धागा फणीच्या फटीतून ओवायचा. हे सगळं घरच्यांशिवाय होत नाही. बायका सूत उकलतात, मुलं कांड्या भरतात, म्हातारे गाठी मारतात.

कबीर ज्यावर बसत असतील तो माग जमिनीतल्या खड्ड्याचा. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. पावडी दाबली की अर्धे उभे धागे वर जातात, अर्धे खाली. मधल्या फटीतून धोटा या हातानं टाकायचा, त्या हातानं पकडायचा. फणीनं तो आडवा धागा आधीच्या धाग्यांवर ठोकायचा. दुसरी पावडी, पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. दोरी ओढून पळणारा धोटा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला, तोपर्यंत कापडाची रुंदी विणकराच्या हातांच्या आवाक्याएवढीच राहायची.

कबीरांच्या काळात चरखासुद्धा तसा नवाच होता. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवलं आहे की भारतात चरख्याचा सर्वात जुना ठोस उल्लेख इसामीच्या १३५० सालच्या फारसी ग्रंथात मिळतो. हा इसामी आपल्या दख्खनमध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयानं लिहीत होता. म्हणजे कबीरांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत केव्हातरी सूतकताईचा वेग एकदम वाढला असणार. जास्त सूत आलं, म्हणजे विणकरांचं कामही वाढलं. कबीरांच्या पदांत चरखा येतो तो पुराणातली वस्तू म्हणून येत नाही, घरातलं चालू यंत्र म्हणून येतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. प्रेमाचा धागा तोडू नका, जोडला तरी गाठ राहते, अशा आशयाचा एक दोहा लोक सर्रास कबीरांच्या नावावर फिरवतात. तो रहीमचा आहे. अब्दुर रहीम खानखाना, अकबराचा सेनापती. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. दरबारातल्या माणसाला धाग्यातली गाठ हा कायमचा डाग वाटतो. विणकर दिवसातून कित्येकदा तुटलेला धागा जोडतो आणि पुढे विणतो. ताण्यातला धागा तुटला आणि तसाच सोडला, तर कापडात उभी रेघ दिसते. म्हणून थांबायचं, दोन टोकं शोधायची, पिळून जोडायची. गाठ मारता येणं हे त्याचं कौशल्य आहे.

मागाकडून कबीरांना काय मिळालं याची सगळ्यात ठसठशीत उदाहरणं शिखांच्या आदिग्रंथात आहेत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली हा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात कबीरांची दोनशेहून अधिक पदं घेतली. कबीरांच्या रचनांच्या इतर दोन मुख्य परंपरा म्हणजे कबीरपंथीयांचा 'बीजक' आणि राजस्थानातल्या दादूपंथी हस्तलिखितांतून आलेला संग्रह. शाई-कागदाला आपण हात लावला नाही असं कबीर सांगत, अशी परंपरा आहे. त्यामुळे त्यांचं नेमकं कोणतं आणि नंतर जोडलेलं कोणतं हा वाद न संपणारा आहे. चादरीच्या रूपकाचं जे भजन घराघरांत गायलं जातं, ज्यात देह म्हणजे जपून वापरून परत करायची चादर, ते आदिग्रंथातल्या कबीरवाणीत नाही. म्हणून ते कबीरांचं नाहीच असं नव्हे. पण फक्त त्याच भजनावरून कबीर समजून घेतले तर माग फार स्वच्छ दिसतो.

आदिग्रंथातल्या आसा रागातल्या एका पदात कबीर काशीच्या ब्राह्मणाशी बोलतात. आशय असा की तुझ्या गळ्यात एक सुताचा दोरा आहे, आमच्या घरात तर रोजच सुताचा ताणा पसरलेला असतो. तू वेद वाचतोस, माझ्या जिभेवर आणि हृदयात देव आहे. यातला टोमणा विणकरालाच सुचू शकतो. जानवं पवित्र कशामुळे, हा प्रश्न पंडिताला शास्त्राचा वाटतो. ज्यानं ते सूत हाताळलं आहे, त्याला मात्र माहीत असतं की जानव्याचं सूत आणि लंगोटीचं सूत एकाच कपाशीतून येतं. ताण्यात सगळे धागे शेजारी शेजारी, एकाच ताणानं ओढलेले असतात. एखादा सैल पडला तर कापड बिघडतं, एखादा जास्त ताणला तर तो तुटतो. समतेबद्दल कबीर जे बोलले ते त्यांनी पोथीत वाचलेलं नव्हतं.

त्याच रागातल्या दुसऱ्या पदात देवच विणकर आहे. त्यानं सगळ्या जगाचा ताणा पसरला, पृथ्वी आणि आकाश यांचा माग केला, चंद्र आणि सूर्य हे धोट्यासारखे इकडून तिकडे फेकत राहिला. पंडितांना उद्देशून कबीर तिथे सांगतात की तुम्ही वेदपुराणं ऐकत बसलात तेवढ्यात आम्ही एवढा ताणा पसरला. ज्याला समाज बावळट म्हणतो त्यानं विश्वाच्या कर्त्याला आपल्या जातीत ओढलंय. हे पद संपताना माग मोडतो आणि सुताला सूत मिळतं. स्वतःचं घर ओळखलं तेव्हा राम आतच सापडला, असं ते म्हणतात. माग इथे ज्ञानाचं साधन आहे आणि शेवटी तोही सोडायचा आहे.

इथपर्यंत सगळं सुंदर आहे. अडचण यापुढे सुरू होते.

आदिग्रंथातच एक पद आहे, त्यात कबीरांची आई मुसमुसत रडते. मुलानं ताणणं-विणणं सगळं टाकलंय आणि हरीचं नाव अंगावर गोंदल्यासारखं घेऊन बसलाय. आता ही लेकरं जगणार कशी, हा तिचा प्रश्न. त्यावर कबीरांचं उत्तर असं, की जोवर मी धोट्याच्या भोकातून धागा ओढत असतो तोवर मला राम विसरायला होतं. मी कमी बुद्धीचा, जातीचा जुलाहा, पण हरीचं नाव ही माझी कमाई आहे. आपला आणि मुलांचा पोशिंदा तोच त्रिभुवनाचा धनी.

म्हणजे मागावर बसलं की देव आठवतो असं इथे कबीर म्हणत नाहीत. उलट माग देवाला विसरायला लावतो, असं म्हणतात. हातमागाला ध्यानाचं यंत्र ठरवणाऱ्यांनी हे पद जरूर वाचावं. ज्याला विणून पोट भरायचं असतं त्याचं लक्ष धाग्यावर, मापावर, बाजारभावावर असतं. आणि त्यातून मन काढलं की घरात चूल पेटत नाही.

दुसऱ्या एका पदात घरातल्या बाईची तक्रार आहे. धागे तुटलेत, खळ संपलीय, कुंचा मोडून पडलाय, मागाच्या काड्या दाराशी तशाच चमकत पडल्यात. आणि घरात मुंडण केलेल्या साधूंची रांग लागलीय. मुलाबाळांना खायला नाही आणि या मुंड्यांची पोटं रोज भरतायत. हे सगळं इतकं तपशीलवार आहे की ज्यानं पद रचलं त्यानं तो कुंचा मोडलेला पाहिला असणार, असं वाटतं. पदाच्या शेवटी कबीर त्या बाईला लोई म्हणून हाक मारतात आणि या साधूंनाच शरण जा, असं सांगतात. लोई ही त्यांची पत्नी, असं बहुतेक कथा मानतात. कमाल आणि कमाली ही मुलं. काही कबीरपंथीय मात्र लोईला शिष्या मानतात, कारण त्यांच्या मते कबीर संसारी नव्हते.

ही तक्रार ऐकताना मराठी वाचकाला देहू आठवेल. तुकोबांच्या घरातही असंच चालायचं आणि बायकोच्या तोंडचे त्रासलेले अभंग तुकोबांच्या गाथेत आहेत. गोरोबाकाकांची गोष्ट तर याहून भयंकर. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना स्वतःचंच मूल पायाखाली आलं. पण त्या कथेत शेवटी मूल परत मिळतं. कबीरांच्या आईच्या पदात असा चमत्कार नाही. तिचा प्रश्न तसाच राहतो आणि मुलाचं उत्तर तिला पटलं की नाही हे पद सांगत नाही. मला विचाराल तर तिचा प्रश्न कबीरांच्या उत्तराइतकाच खरा आहे. आणि कबीरांनी तो आपल्या पदातून गाळला नाही, ही मोठी गोष्ट.

तिचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, याचा पुरावा सोरठ रागातल्या एका पदात मिळतो. तिथे कबीर देवाशीच भांडतात. उपाशीपोटी भक्ती होत नाही, ही घे तुझी माळ परत, असा सूर. आणि मग चक्क यादी: दोन शेर पीठ, पाव शेर तूप, सोबत मीठ, अर्धा शेर डाळ, दोन वेळचं जेवण भागेल इतकं. झोपायला चार पायांची खाट, उशी, अंथरूण-पांघरूण. याहून जास्त लोभ नाही. ज्याला आपण विरक्त म्हणतो त्याचं देवाकडचं मागणं किराण्याच्या दुकानातल्या चिठ्ठीसारखं आहे. घरात किती जणांना किती लागतं हे माहीत असलेल्या माणसाची ती चिठ्ठी आहे.

मग कबीरांनी माग सोडला की नाही? पदांवरून ठाम उत्तर मिळत नाही. पण त्यांच्या मागून शंभरेक वर्षांत लिहिल्या गेलेल्या चरित्रकथा सोडला नाही असंच धरून चालतात. १५९० च्या सुमारास अनंतदासांनी 'कबीर परचई' लिहिली. त्यातली गोष्ट अशी. कबीर विणलेलं कापड घेऊन बाजारात जातात. गरीब माणसाच्या वेषात देव येतो आणि कापड मागतो. कबीर अर्धं फाडून द्यायला तयार होतात. अर्ध्यानं भागणार नाही म्हटल्यावर सगळंच देऊन टाकतात. आणि मग ते घरी जात नाहीत. रिकाम्या हातानं घरच्यांसमोर कसं जायचं, म्हणून लपून बसतात. शेवटी देवच धान्यानं लादलेले बैल त्यांच्या घरी पोचवतो.

या गोष्टीत लोकांना दान दिसतं. मला ते लपून बसणं जास्त लक्षात राहतं. कापड देऊन टाकणारा संत आणि घरी तोंड दाखवायला घाबरणारा बाप्या, दोघे एकाच अंगात. कथा सांगणाऱ्यांनाही कळत होतं की ते कापड एकट्या कबीरांचं नव्हतं. सूत उकलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या सगळ्यांचा हात त्यात होता.

कबीरांच्या कथा महाराष्ट्रात पोचल्या त्या अशाच वाटांनी. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'त कबीर आहेत आणि कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले. उलट दिशेचा प्रवास तर आणखी जुना. कबीर आपल्या पदांमध्ये नामदेवांचं नाव आदरानं घेतात. आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. शिंपी आणि विणकर एकाच ग्रंथात शेजारी बसलेत, सोबत काशीचेच रविदास, चामड्याचं काम करणारे.

गुरूची गोष्टही सांगायला हवी. कबीरांनी पहाटेच्या अंधारात पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर स्वतःला झोकून दिलं, स्वामी रामानंदांचा पाय लागला, त्यांच्या तोंडून रामनाम निघालं आणि तोच कबीरांनी मंत्र मानला. रामानंदांचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांत वाद आहे, त्यामुळे ही भेट खरी की कल्पित, हाही वाद आहे. सिकंदर लोदीनं कबीरांना साखळदंडांनी बांधून गंगेत टाकलं, हत्तीच्या पायी दिलं आणि ते वाचले, या कथाही प्रसिद्ध आहेत. त्यांत कबीर एकाच वेळी मुल्ला आणि पंडित या दोघांच्या डोळ्यांत खुपतात, एवढं मात्र त्यांच्या पदांशी जुळतं.

पुढच्या काळात त्यांचा पंथ झाला, काशीत कबीरचौऱ्याला मठ उभा राहिला, छत्तीसगडात धर्मदासांची शाखा वाढली. मूर्तीला आणि माळेला प्रश्न विचारणाऱ्याची आरती व्हायला लागली, हे आपल्याकडे नवं नाही. पण पंथानं एक केलं. ज्यांना देवळात घेत नव्हते अशा घरांमध्ये कबीर पोचवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. त्या घरात कबीरांची वाणी रोजची होती आणि पुढे बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुले यांच्याबरोबर कबीरांना आपलं गुरू मानलं. भिवंडी आणि मालेगावच्या मागांवर काम करणाऱ्या अनेक मोमिन-अन्सारी घराण्यांचे पूर्वजही उत्तर प्रदेशातून आलेले विणकरच. १८५७ नंतर आणि पुढच्या दुष्काळांत ते दक्षिणेकडे सरकले. त्यांच्या गल्ल्यांमध्ये आता यंत्रमागांचा खडखडाट आहे, धोटा हातानं टाकायची वेळ राहिली नाही.

शेवटच्या दिवसांत कबीरांनी काशी सोडली. काशीत मेलं की मुक्ती आणि मगहरला मेलं की गाढवाचा जन्म, असा समज होता. आयुष्यभर ज्या शहरात सूत ताणलं तिथून निघून ते मुद्दाम मगहरला गेले. काशीत मरूनच मुक्ती मिळणार असेल तर रामाचा उपकार कसला, असा त्यांचा युक्तिवाद होता. पदांत मात्र काशी सुटल्याची हळहळही आहे, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. ठाम मत होतं म्हणून त्रास झाला नाही असं नाही.

मगहर आज उत्तर प्रदेशच्या संत कबीर नगर जिल्ह्यात आहे, आमी नदीकाठी. तिथे एका आवारात कबीरांची समाधी आहे आणि जवळच मजार. मृत्यूनंतर हिंदूंना देह जाळायचा होता, मुसलमानांना पुरायचा होता, हा वाद इतका जुना आहे की अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद केली आहे. लोककथेत हा तंटा तलवारीपर्यंत जातो. एका बाजूला राजा बीरसिंह बघेल, दुसऱ्या बाजूला नवाब बिजली खान. मग कोणीतरी कबीरांच्या अंगावरची चादर उचलतं. खाली देह नसतो, फुलं असतात. अर्धी फुलं जाळली जातात, अर्धी पुरली जातात. आणि ती चादरही, काही जण सांगतात, मधोमध फाडून दोघांनी वाटून घेतली.